मोटारीच्या दिव्यांतील सर्पसृष्टि

बैलगाडीच्या काळांत रात्रीच्या प्रवासांत वाटेवर साप आडवा आला, तर गाडीवान बैल उभे करी, कंदील जरा वर धरी, आणि जनावर झुडपांत दिसेनासें झालें म्हणजे देवाचें नांव घेऊन गाडी पुढें हांकी. रात्रीं सापाचें नांवसुद्धां घ्यावयाचें नाहीं, ‘जनावर’ किंवा ‘लांबडें’ म्हणावयाचें, असा आपल्याकडील घरोघरचा दंडक. अशा संस्कारांत वाढलेल्या मनुष्याला, सापांची गांठ पडावी एवढ्याच हेतूनें कोणी सूर्यास्तानंतर मोटार घेऊन बाहेर पडतो आणि ओसाड रस्त्यावर मैलच्या मैल सावकाश फिरतो, हें ऐकून तो निव्वळ वेडेपणा वाटेल. परंतु ह्याच वेडेपणानें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागांतील वाळवंटांविषयींच्या समजुती पार बदलून टाकल्या. दुर्मिळ म्हणून ज्यांची ख्याति होती असे साप विपुल ठरले. निर्जीव समजली जाणारी भूमि गजबजलेली ठरली. आणि ज्या रस्त्यानें हें ज्ञान मिळवून दिलें तोच रस्ता पुढें त्या सापांचा काळ ठरला.

हा मुलूख म्हणजे कॅलिफोर्नियाचा दक्षिण भाग, त्याच्या पूर्वेस ॲरिझोना आणि खालीं मेक्सिकोची सरहद्द. उन्हाळ्यांत येथें सावलींतील उष्णता ४५ अंश सेंटिग्रेडच्या वर जाते, आणि उघड्या वाळूचा पृष्ठभाग ६० अंशांहूनहि अधिक तापतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्या प्रदेशांत जे शास्त्रज्ञ गेले ते घोड्यांवरून व खेंचरांवरून गेले. १८९१ सालीं अमेरिकन सरकारनें ‘डेथ व्हॅली’ म्हणजे मृत्यूची दरी ह्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या भागांत एक संशोधक तुकडी धाडली. तिनें गोळा केलेल्या सरपटणाऱ्या प्राण्यांचें वर्णन वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयांतील लिओनार्ड स्टेजनेगर ह्या नॉर्वेंत जन्मलेल्या पंडितानें १८९३ सालीं प्रसिद्ध केलें. अशा तुकड्यांचा दिनक्रम ठराविक असे. सकाळीं उठावें, ऊन चढेपर्यंत हिंडावें, दगड उलथावे, बिळें उकरावीं, आणि रात्रीं शेकोटीपाशीं बसून दिवसभरांत मिळालेले नमुने अल्कोहोलांत घालावे. सरडे भरपूर मिळत. साप मात्र बेताचेच.

ह्या बेताच्या सापांतहि कांहीं तर केवळ नांवापुरतेच ठाऊक होते. ‘फिलोरिंकस’ हें अशा एका सर्पकुळाचें नांव. स्टेजनेगरनेंच तें १८९० सालीं ठेवलें. ह्या सापाच्या नाकाच्या टोंकावरील खवला पानासारखा मोठा व कडा उचललेला असतो, म्हणून त्याला आपण पर्णनास सर्प म्हणूं. लांबी हातभर, रंग वाळूचा, त्यावर तपकिरी ठिपके. विषाची भीति नाहीं. आहार मुख्यतः पाली व सरडे आणि त्यांचीं अंडीं. असा हा निरुपद्रवी जीव कित्येक दशकें अमेरिकेंतील अत्यंत दुर्मिळ सापांपैकीं एक गणला जात असे. संग्रहालयांच्या बरण्यांतून त्याचे मोजकेच नमुने होते, आणि ते ज्यांनीं मिळविले त्यांनाहि ते योगायोगानेंच मिळाले होते. कोंकणांत फुरसें शोधावयाचें असेल तर दगड उलथावा हें तेथील गुराख्याच्या पोरालाहि ठाऊक असतें. वाळवंटाच्या सपाटीवर उलथावयास दगड तरी कोठें आहे?

ह्या कोड्याचें उत्तर एखाद्या ग्रंथालयांत सांपडलें नाहीं. तें सांपडलें रस्ते बांधणाऱ्या खात्यामुळें. सॅन डिएगो शहर समुद्रकांठीं, आणि पूर्वेकडून येणारा व्यापार वाळवंटापलीकडे. मध्यें वाळूच्या टेंकड्यांचा असा एक पट्टा आहे कीं, तेथें रस्ता बांधला तर दुसऱ्या दिवशीं तो दिसेलच अशी शाश्वति नाहीं. १९१५ सालीं ह्या टेंकड्यांवर चक्क लांकडी फळ्यांचा रस्ता घालण्यांत आला. मोटारींचीं चाकें त्या फळ्यांवरून जावयाचीं. समोरून दुसरी गाडी आली कीं, कोणी मागें सरावयाचें ह्यावरून हमरीतुमरी व्हावयाची. आणि वारा सुटला कीं, खेंचरें जोडून फळ्यांवरील वाळू ओढून काढावयाची. १९१६ सालीं पहिला रस्ता काढून तेथें अधिक मजबूत असा दुसरा फळ्यांचाच रस्ता बसविण्यांत आला. तो १९२६ सालापर्यंत टिकला. त्या सालीं मात्र टेंकड्यांवर भराव घालून पक्का डांबरी रस्ता तयार झाला. त्याच सुमारास इतर खोऱ्यांतूनहि पक्के रस्ते पसरूं लागले. मोटार आतां श्रीमंताची चैन राहिली नव्हती; कारकुनाच्या घरींहि ती आली होती. वाळवंटाच्या काळजांतून एक सपाट, मोकळी, वनस्पतिहीन पट्टी गेली होती, आणि तिच्यावरून मनुष्य एका रात्रींत शंभर मैल नजर फिरवूं शकत होता. असें साधन निसर्गशास्त्रज्ञाच्या हातीं पूर्वीं कधींच आलेलें नव्हतें.

ह्या साधनाचा पद्धतशीर उपयोग करून त्याला शास्त्राचें रूप देणारा पुरुष प्राणिशास्त्राचा प्राध्यापक नव्हता. तो विजेच्या कंपनींतील इंजिनियर होता. लॉरेन्स क्लॉबर ह्यांचा जन्म १८८३ सालीं सॅन डिएगो येथेंच झाला. १९०८ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठाची विद्युत् इंजिनियरिंगची पदवी घेऊन ते १९११ मध्यें आपल्या गांवच्या गॅस व वीज पुरविणाऱ्या कंपनींत नोकरीस लागले. विजेच्या पाट्या विकण्यापासून त्यांनीं आरंभ केला, आणि १९४६ सालीं ते त्याच कंपनीचे अध्यक्ष झाले. एवढ्यावरच त्यांचें चरित्र संपलें असतें तर एका यशस्वी व्यवसायी गृहस्थापलीकडे त्यांचें नांव कोणीं घेतलें नसतें. परंतु १९२३ च्या सुमारास गांवांत नव्यानें निघालेल्या प्राणिसंग्रहालयाला सापांची पारख असणारा कोणी मनुष्य हवा होता, आणि क्लॉबर ह्यांना लहानपणापासून सापांची थोडीबहुत आवड होती. ते तेथें बिनपगारी सल्लागार झाले. त्या वेळीं त्यांनीं वयाची चाळिशी गांठली होती. पुढचीं पंचेचाळीस वर्षें, म्हणजे १९६८ सालीं मृत्यु येईपर्यंत, दिवस कंपनीचा आणि रात्र व सुट्टी सापांची अशी त्यांची वांटणी राहिली.

इंजिनियर असल्याचा त्यांना फार मोठा फायदा झाला, असें म्हणावयास हरकत नाहीं. त्या काळचे बहुतेक सर्पशास्त्रज्ञ एकदोन नमुने पुढ्यांत घेत आणि त्यांवरून जातीचें वर्णन करीत. क्लॉबर ह्यांना एकदोन नमुन्यांनीं समाधान होत नसे. विजेच्या वापराचे तक्ते जो रोज पाहतो त्याला एका घरच्या आंकड्यावरून शहराचा अंदाज करतां येत नाहीं, हें ठाऊक असतें. एकाच जातीचे शेंकडों साप त्यांनीं मोजले. त्यांच्या पोटावरील खवले, पाठीवरील ओळी, शेंपटीचें लांबीशीं प्रमाण ह्यांचीं कोष्टकें केलीं. आणि सर्पशास्त्रांत संख्याशास्त्राचा प्रवेश करून दिला. त्यांनीं जमविलेले सुमारें ३६,००० नमुने सॅन डिएगोच्या निसर्गेतिहास संग्रहालयाकडे गेले. ‘रॅटलस्नेक’ म्हणजे शेंपटीचा खुळखुळा वाजविणारा जो अमेरिकेंतील विषारी सर्प, त्याच्यावर १९५६ सालीं त्यांनीं दोन खंडांत जवळजवळ दीड हजार पृष्ठांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. इतके नमुने मिळवावयाचे तर दगड उलथून भागणार नव्हतें. तेव्हां मोटार.

ह्या रात्रीच्या फेरीचें तंत्र दिसावयास साधें आहे. अंधार पडण्यापूर्वींच वाळवंटाच्या कडेला पोंचावें. सूर्य मावळला, संधिप्रकाश विरला, म्हणजे ताशीं वीस-पंचवीस मैलांच्या वेगानें निघावें. ह्याहून जलद गेल्यास लहान साप नजरेंतून सुटतात. ह्याहून सावकाश गेल्यास रात्र पुरत नाहीं. दिव्यांच्या झोतांत रस्त्याचा जो तुकडा उजळतो त्यावर डोळे खिळवून बसावें. प्रथम कांहीं तास तर डोळ्यांची फसवणूकच होत राहते. दोरीचा तुकडा, टायरची फाटलेली पट्टी, डांबरांतील भेग, वाळलेली काटकी, ह्या सर्वांचे साप होतात. वेदान्तांतील रज्जु-सर्पाचा दृष्टान्त आपल्याकडे दीपाशिवायच्या अंधारासाठीं सांगतात. येथें तो भर दिव्यांत प्रत्ययास येतो. हळूहळू मात्र दृष्टि शिकते. सापाच्या अंगाला एक प्रकारची चकाकी असते, वळणाला एक लय असते, आणि मुख्य म्हणजे त्याची सांवली रस्त्यावर पडते. काटकी पडलेली असते, साप ठेवलेला दिसतो. ब्रेक लावावा, हातांत बत्ती घेऊन उतरावें. विषारी असल्यास आंकडी लावलेल्या काठीनें उचलावा, निर्विष असल्यास हातानें. कापडी पिशवींत घालून तोंड बांधावें. मग मैल दाखविणाऱ्या यंत्राकडे पाहून जागा टिपावी, घड्याळाकडे पाहून वेळ टिपावी, उष्णतामापक पाहून हवेचें मान टिपावें. वारा कसा, चंद्र आहे कीं नाहीं, तेंहि लिहावें. आणि पुन्हां निघावें.

पिशवीपेक्षां टिपणवही अधिक महत्त्वाची, हें क्लॉबर ह्यांनीं ओळखलें होतें. ज्या रात्रीं एकहि साप मिळाला नाहीं ती रात्रहि संख्याशास्त्राला मोलाची असते. केवळ संग्राहक असता तर त्यानें ती रात्र विसरून टाकली असती. १९३९ सालीं त्यांनीं सॅन डिएगोच्या प्राणिसंस्थेच्या पत्रिकेंत वाळवंटी प्राण्यांविषयींच्या आपल्या अभ्यासाचा एक मोठा निबंध प्रसिद्ध केला. त्याचा पहिला भाग ‘वाळवंटांतील रात्रीचा संग्रह’ ह्याच विषयाला वाहिलेला आहे, आणि त्यांत हे वर्षानुवर्षांचे आंकडे मांडलेले आहेत. रात्रीं मोटारीनें साप शोधण्याच्या पद्धतीचा पाया म्हणून आजहि त्याच निबंधाकडे बोट दाखविण्यांत येतें.

ह्या फेऱ्यांतून जें हातीं आलें त्यानें जुनीं गृहीतें कोसळलीं. पर्णनास सर्प दुर्मिळ नव्हताच. वसंत संपून उन्हाळा लागतांना, उबदार, वारा पडलेल्या अंधाऱ्या रात्रीं तो रस्त्यावर वारंवार दिसूं लागला. जो साप संग्रहालयें जपून ठेवीत, तो वाळवंटाच्या कांहीं भागांत नित्याचा रहिवासी निघाला. १९३५ मध्यें क्लॉबर ह्यांनीं त्याच्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. तीच गोष्ट ‘ॲरिझोना’ हें राज्याचेंच नांव लाभलेल्या तुकतुकीत अंगाच्या एका निर्विष सापाची. वाळूवर अंग तिरपें फेंकीत चालणारा लहान विषारी सर्प, ज्याला तिकडे ‘साइडवाइंडर’ म्हणतात, तोहि अशा रात्रीं मोठ्या संख्येनें भेटूं लागला. चूक सापांच्या संख्येंत नव्हती. चूक मनुष्याच्या वेळापत्रकांत होती. मनुष्य दिवसा शोधीत होता, आणि साप रात्रीं हिंडत होते. इतकी साधी गोष्ट लक्षांत येण्यास तीस-चाळीस वर्षें लागावीं, ह्याचें आज नवल वाटतें. पण रात्रीं वाळवंटांत पायीं कंदील घेऊन फिरणाऱ्यास एका रात्रींत किती जमीन पाहतां आली असती, ह्याचा विचार केला म्हणजे त्या पूर्वसूरींना दोष देववत नाहीं.

साप रात्रींच कां हिंडतात, ह्याचा उलगडाहि त्याच सुमारास व त्याच भूमीवर झाला. वाळवंटी प्राणी म्हणजे उन्हाचा भोक्ता, अशी सामान्य समजूत होती. १९३३ सालीं लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांत काम करणाऱ्या वॉल्टर मोसॉवर ह्या ऑस्ट्रियन संशोधकानें व त्याच्या सहकाऱ्यानें दाखवून दिलें कीं, वाळवंटांतील सापच जर दुपारच्या उन्हांत उघड्यावर ठेवला तर तो कांहीं मिनिटांतच मरतो. पुढें त्याच विद्यापीठांतील रेमंड कौल्स आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांतील चार्ल्स बोगर्ट ह्यांनीं वाळवंटांत राहून सापांच्या व सरड्यांच्या शरीराचें तपमान मोजलें, आणि १९४४ सालीं आपले निष्कर्ष छापले. ‘थंड रक्ताचे प्राणी’ हा शब्दप्रयोग किती फसवा आहे, हें त्या निबंधानें उघड केलें. सरपटणारा प्राणी स्वतःच्या शरीरांत मनुष्याप्रमाणें उष्णता निर्माण करून ती टिकवूं शकत नाहीं हें खरें. पण ऊन व सावली, वाळू व बीळ ह्यांची निवड करून तो आपलें तपमान एका मर्यादेंत राखतो. साइडवाइंडरला साधारण ३० अंशांच्या आसपासची ऊब मानवते. चाळिशी ओलांडली कीं त्याच्या प्राणाशीं गांठ. तेव्हां जून-जुलैमध्यें त्यानें दिवस बिळांत काढावा आणि दिवेलागण झाल्यावर बाहेर पडावें, ह्याखेरीज त्याला गत्यंतरच नाहीं.

डांबरी रस्ता दिवसाचें ऊन पिऊन घेतो आणि रात्रीं सावकाश परत करतो. भोंवतालची वाळू निवाली तरी रस्ता कोमट असतो. त्यामुळें साप रस्त्यावर शेकावयास येतात, असें पुष्कळ संग्राहक मानीत आले आहेत. इतर म्हणतात, साप केवळ वाट ओलांडीत असतात. ते सर्वत्रच हिंडत असतात, रस्त्यावर आपल्याला दिसतात एवढेंच. दोन्ही मतांना आधार आहे, आणि जातीजातींत फरकहि असावा. हा वाद पोरकट वाटेल, परंतु त्यावर एक मोठी गोष्ट अवलंबून आहे. साप रस्त्याकडे ओढले जात असतील तर रस्त्यावरील संख्या फुगलेली. ते रस्ता टाळीत असतील तर ती घटलेली. मग क्लॉबर ह्यांच्या कोष्टकांवरून वाळवंटांतील खऱ्या संख्येविषयीं काय म्हणावयाचें?

येथें आपल्या रत्नागिरीची एक जुनी हकीकत आठवण्याजोगी आहे. १८६२ सालीं सरकारनें फुरशीं मारून आणणारास बक्षीस लाविलें, तेव्हां त्या एका जिल्ह्यांत आठ दिवसांत १,१५,९२१ फुरशीं हजर करण्यांत आलीं. हा आंकडा पाहून वाचणारा थक्क होतो. पण तो फुरशांच्या संख्येचा आंकडा आहे कीं गरीब कुळांच्या गरजेचा? बक्षीस नसलेल्या वर्षीं तेवढींच फुरशीं त्या कातळांत होतीं, आणि तीं कोणाच्याहि हिशेबांत नव्हतीं. बक्षिसानें मोजलेली संख्या बक्षिसाविषयीं बोलते, आणि रस्त्यावर मोजलेली संख्या रस्त्याविषयींहि बोलते. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या, कॅनडांतील मॅनिटोबा प्रांतांतल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, तेथील गार्टर साप खडीचा रस्ता शक्य तों टाळतात, आणि ओलांडलाच तर सरळ काटकोनांत ओलांडतात. शिवाय मादीच्या गंधाचा माग काढीत आलेल्या नरांना रस्त्यावर तो माग नीट लागत नाहीं. २००५ सालीं दक्षिण कॅरोलायनांतील प्रयोगांत लहान जातींचे साप रस्त्यावर पाऊल टाकावयास (सापाच्या बाबतींत हा शब्दप्रयोग क्षम्य मानावा) सर्वांत नाखूष दिसले, आणि कांहीं जातींचे साप मोटार जवळून जातांच पळण्याऐवजीं जागच्या जागीं स्तब्ध झाले. ही स्तब्धता ससाण्यापुढें किंवा कोल्ह्यापुढें उपयोगी पडत असेल. चाकापुढें ती आत्मघातकी आहे.

परंतु रस्त्याचा घातकपणा लक्षांत येण्यापूर्वीं त्याच्या आकर्षणाचा एक काळ होऊन गेला. १९५७ सालीं न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड प्राणिसंग्रहालयाचे कार्ल कॉफेल्ड ह्यांनीं सापांच्या शोधावर एक रसाळ पुस्तक लिहिलें. त्यांत ॲरिझोनांतील रात्रीच्या फेऱ्या होत्या, आणि दक्षिण कॅरोलायनांतील ओकीटी ह्या ठिकाणच्या लाल सापांचें लोभस वर्णनहि होतें. त्यांनीं जागांचीं नांवें हातचें न राखतां दिलीं. पुस्तक वाचून एक पिढीच्या पिढी मोटारी घेऊन त्या जागीं धांवली. ज्ञानाचा उदार दाता जी चूक करतो ती हीच. खजिन्याचें वर्णन करतांना तो नकाशाहि देऊन टाकतो. पुढें ह्या छंदांतील लोक आपापल्या रस्त्यांचीं नांवें गुप्त ठेवूं लागले.

टेक्सासच्या पश्चिम भागांतील एका सापाची कथा ह्या दृष्टीनें मोठी बोलकी आहे. राखाडी अंग, त्यावर काळे व नारिंगी आडवे पट्टे, विषाचा लवलेश नाहीं, असा हा देखणा साप. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयाचे आर्थर ब्राउन ह्यांनीं १९०१ सालीं डेव्हिस पर्वतांतून आलेल्या नमुन्यावरून त्याचें वर्णन केलें आणि त्याला ‘अल्टर्ना’ हें नांव दिलें. नंतर अर्धें शतक लोटलें तरी त्याचे नमुने बोटांवर मोजण्याइतकेच होते. त्याच भागांत मिळालेला रुंद नारिंगी पट्ट्यांचा एक साप १९५० सालीं निराळी जात म्हणून नोंदला गेला. मग उन्हाळ्याच्या रात्रीं चुनखडीच्या डोंगरांतून जाणाऱ्या रस्त्यांवर संग्राहकांचे दिवे फिरूं लागले; रस्त्यासाठीं फोडलेल्या दरडींच्या भेगांतून त्यांना हा साप बाहेर येतांना दिसूं लागला. १९७० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निबंधानें सिद्ध केलें कीं, ज्यांना दोन जाती म्हणत होते तीं दोन रुपें एकाच मादीच्या अंड्यांतून निघतात. एका रात्रीच्या सापानें पुस्तकांतील एक जात पुसून टाकली.

अल्टर्नाची किंमत वाढली तशी रस्त्यांवरील गर्दीहि वाढली. जून महिन्यांत दूरदूरच्या राज्यांतून लोक येत, रात्रभर त्याच पन्नास मैलांत येरझारा घालीत, पहांटे लहानशा गांवच्या खाणावळींत बसून एकमेकांच्या पिशव्यांत काय आहे ह्याचा अदमास घेत. त्यांत शाळामास्तर होते, डॉक्टर होते, आणि विक्रीसाठीं आलेलेहि होते. २००७ सालीं टेक्सासच्या विधिमंडळानें सार्वजनिक रस्त्यांवर व त्यांच्या कडेच्या सरकारी जागेंत वन्य प्राणी पकडण्यास बंदी करणारा कायदा केला. छंदी लोक संतापले. त्यांचें म्हणणें असें कीं, ज्या रस्त्यावर मालमोटारीनें साप चिरडला तर गुन्हा होत नाहीं, तेथेंच तो हातानें उचलला तर गुन्हा कसा? युक्तिवाद अगदींच पोकळ नव्हता. २०११ सालीं कायदा सैल करण्यांत आला. सरकारी परवान्यावर विशेष तिकीट घ्यावें, अंगावर प्रकाश परावर्तित करणारा पोषाख असावा, मोटारींतून झोत टाकून शोध करूं नये, उतरून पायीं कडेनें शोधावें, अशा अटी त्यांत आहेत. क्लॉबर ह्यांचें सर्व तंत्र ज्या मोटारीच्या दिव्यावर उभें होतें, तो दिवाच टेक्सासच्या कायद्यानें बाजूस सारला.

मालमोटारीचा जो मुद्दा छंदी लोकांनीं मांडला त्याचा शास्त्रीय हिशेब तोंवर झालेला होता. ॲरिझोनाच्या दक्षिणेस, मेक्सिकोच्या सरहद्दीला लागून, ऑर्गन पाइप कॅक्टस नांवाचें संरक्षित क्षेत्र आहे. त्यांतून ८५ क्रमांकाचा हमरस्ता जातो. फिलिप रोझेन आणि चार्ल्स लो ह्या दोघां संशोधकांनीं १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस चार वर्षें त्या रस्त्यावर फेऱ्या घातल्या. पद्धत क्लॉबर ह्यांचीच. प्रश्न मात्र निराळा. त्यांना ३६८ साप आढळले. त्यांपैकीं जिवंत १०४, आणि मेलेले २६४. १९९४ सालीं हे आंकडे प्रसिद्ध झाले. संरक्षित क्षेत्रांतल्या सापांना शिकाऱ्यापासून संरक्षण होतें, खोदणारापासून होतें, विकणारापासून होतें. त्यांतून जाणाऱ्या पट्टीपासून नव्हतें. क्लॉबर ह्यांच्या काळींहि चिरडलेले साप मिळतच, आणि तेहि वहींत टिपले जात. पण तेव्हां वाळवंटांत रात्रीं तासातासांत एखादीच मोटार जात असे. आतां ज्या रस्त्यावर प्रत्येक मिनिटाला वाहनें जातात तेथें रात्रीं फेरी घालणारास साप भेटतो तो बहुधा चपटा झालेला.

सर्वच मृत्यु अपघाती असतात असेंहि नाहीं. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतांत लाँग पॉइंट येथें संशोधकांनीं रस्त्यावर नकली साप व नकली कासवें ठेवून पाहिलें, आणि २००७ सालीं निष्कर्ष दिला कीं, सुमारें २.७ टक्के वाहनचालक मुद्दाम चाक वळवून त्यांच्यावर घालतात. शंभरांत तीनसुद्धां नव्हेत. परंतु ज्या सापाला रस्ता ओलांडावयास दोन मिनिटें लागतात त्याच्या दृष्टीनें हा आंकडा लहान नाहीं.

इलिनॉय राज्याच्या दक्षिणेस शॉनी नांवाचें सरकारी अरण्य आहे. तेथें एका बाजूस चुनखडीचा उंच कडा आणि दुसऱ्या बाजूस दलदल, आणि दोहोंच्या मधून अडीच मैलांचा एक कच्चा रस्ता जातो. थंडींत साप कड्याच्या कपारींत निजतात, उन्हाळ्यांत दलदलींत उतरतात. म्हणजे वर्षांतून दोनदां त्या सर्वांना तो रस्ता ओलांडावा लागतो. १९७२ सालापासून अरण्यखातें ह्या दोन हंगामांत तेथें फाटक लावून वाहनें बंद करतें. अलीकडे ती मुदत वसंतांत दोन महिने आणि शरदांत दोन महिने इतकी असते. त्या दिवसांत लोक पोरांबाळांसह तेथें जातात. साप पकडण्यास मनाई आहे. मोटार फाटकाबाहेर उभी करावी लागते, आणि जो रस्ता एरवीं पांच-दहा मिनिटांत संपला असता तो सावकाश, खालीं पाहत, पायीं चालून जावा लागतो.